सातवा महिना आणि सव्वा महिना

आत्या पंचांग उघडून बसली होती. सुनेला सातवा लागला होता. डोहाळजेवणाचा दिवस धरायचा होता, फुलांची वाडी सांगायची होती, झोपाळा कुठे टांगायचा यावर घरात दोन मतं होती. मी म्हटलं, "आत्या, त्याच आठवड्यात वहिनीची शुगरची तपासणीही करून घेऊ या."

"अगं, ती दवाखान्याच्या पहिल्याच भेटीत झाली की. नॉर्मल आली होती."

इंदूरमधल्या मराठी घरांतून हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. देणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. एकदा नॉर्मल आलेली तपासणी पुन्हा कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर वारेत दडलेलं आहे. बाळाबरोबर पोटात वाढणारी आणि बाळंतपणात बाळामागून पडणारी वार म्हणजे केवळ अन्न पोचवणारी नळी नव्हे. ती हार्मोन्स तयार करणारी मोठी ग्रंथीसुद्धा आहे. वार जशी मोठी होते तशी तिच्यातून येणारी हार्मोन्स वाढतात, आणि त्यांतली काही आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर मुद्दाम कमी करतात. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींमध्ये घालणं. तो जोर कमी झाला की जेवणानंतर साखर आईच्या रक्तात थोडा जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढी बाळाच्या वाट्याला येते. निसर्गाने बाळासाठी केलेली ही तरतूद आहे. गरोदरपणाच्या शेवटी आईच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो.

बहुतेक बायकांचं स्वादुपिंड याला पुरून उरतं. ते दुपटीहून अधिक इन्सुलिन सोडतं आणि साखर जागेवर राहते. ज्यांच्या स्वादुपिंडाची कमाल मर्यादा थोडी खाली आहे, त्यांची साखर मात्र वाढू लागते. यालाच गरोदरपणातला मधुमेह म्हणायचं. वारेचा हा जोर २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे सहाव्याच्या शेवटी आणि सातव्यात, स्पष्ट दिसू लागतो. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत ओटी भरली जाते. त्या तारखेला पंचांगाशेजारी जच्चा-बच्चा कार्डही, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड, उघडलं तर दुसरी तपासणी विसरली जायची नाही.

इथे एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे, कारण तिच्यामुळे किती मुली मान खाली घालून बसतात ते मी पाहिलं आहे. "शुगर निघाली" म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "किती पेढे खाल्लेस?" पेढ्यांनी हा आजार होत नाही. आई-वडिलांचा मधुमेह, वाढलेलं वजन, पीसीओडी हा बीजकोशांचा विकार, तिशीच्या आसपासचं किंवा नंतरचं गरोदरपण यांनी शक्यता वाढते. पण यांतलं काहीही नसलेल्या सडपातळ, तरुण मुलींनाही तो होतो. आपण भारतीय मुळातच मधुमेहाकडे झुकलेले. तमिळनाडूतल्या एका मोठ्या पाहणीत शहरांतल्या १७.८ टक्के, निमशहरी भागातल्या १३.८ टक्के आणि खेड्यांतल्या ९.९ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. म्हणूनच आपल्याकडे "धोका असेल तिचीच तपासणी" असं न करता प्रत्येकीची करायची असं धोरण आहे.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. दर १०० मिलिलिटर रक्तात १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर आली तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशी असण्याची अट नाही. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा आग्रह धरला, कारण लांबून येणारी गरोदर बाई सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात येऊ शकत नाही, आणि 'उद्या उपाशी या' म्हटलं की ती परत येतेच असं नाही. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, भारतात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, त्यानंतर झाली तर तपासणी पुढे चालू ठेवायची. काही डॉक्टर उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी अशी तीन वेळा रक्त घेणारी तपासणी पसंत करतात. तिथल्या सीमारेषा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३. तीनपैकी एक ओलांडली तरी निदान होतं. पहिली तपासणी पहिल्याच भेटीत, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तो दिवसही सोयीचा.

वहिनीची १५८ आली.

आत्याने विचारलं, "१४० आणि १५८ मध्ये असा कितीसा फरक गं?" फार खोल प्रश्न आहे हा. नऊ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. आईची साखर जसजशी वर गेली, तसतसं जास्त वजनाचं बाळ होण्याचं प्रमाण चढत गेलं. मधे कुठेही 'इथपर्यंत ठीक, इथून धोका' अशी पायरी सापडली नाही. तो घाटाचा चढ आहे, आणि त्यावर रेघ आपण मारली आहे. म्हणून १५८ ऐकून हाय खाण्यासारखं काही नाही आणि १३८ ऐकून जिलबीवर ताव मारण्यासारखंही काही नाही.

बाळाचं नेमकं काय होतं? १९५०च्या दशकात डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी जे मांडलं ते आजही समजुतीचा पाया आहे. साखर वारेतून सहज पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. आईच्या रक्तात साखर जास्त असली की बाळाकडेही जास्त साखर पोचते, आणि तिला तोंड द्यायला बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरपूर बनवू लागतं. इन्सुलिन वाढीला चालना देणारं हार्मोन आहे. त्यामुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी चढते. बाळंतपणात खांदे अडकण्याची भीती असते ती यामुळे. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचं इन्सुलिन अजून वर असतं, आणि पहिल्या काही तासांत बाळाचीच साखर घसरू शकते. म्हणून अशा बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात आणि पहिल्या तासाच्या आत त्याला अंगावर घ्यायला सांगतात. त्या वेळी आईचा चीक हेच त्याचं औषध. मध किंवा साखरेचं पाणी चाटवण्याची रीत बाजूला ठेवावी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय बाळ वजनाने लहान दिसलं तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा युरोपातल्या बाळापेक्षा जास्त असतो. "बाळ तर बारीकच आहे, मग कसली शुगर?" असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता जेवणाकडे वळते, कारण इंदूरकरांची खरी कसोटी तिथे आहे. आपली सकाळ पोहे-जिलबीने होते. गरोदरपणात नेमकी सकाळीच साखर सर्वांत अनावर असते, कारण पहाटे वाढणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन इन्सुलिनला आणखी दाबतं. दुपारी दोन पोळ्या जिला सहज पचतात, तिची साखर सकाळच्या बशीभर पोह्यांनी उसळते. वहिनीच्या ग्लुकोमीटरवर आम्ही हे रोज पाहिलं. नुसत्या पोह्यांनंतर १४७. त्याच बशीत पोहे अर्धे करून मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घातले, वरची शेव काढली, आधी उकडलेलं अंडं खाल्लं, तेव्हा ११६. पोहे सोडावे लागले नाहीत. जिलबी सुटली. मुगाचं धिरडं आणि दह्याबरोबरचं थालीपीठ यांनी बाकीचे दिवस भरले. एकीच्या आकड्यांवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, म्हणून तर आपला पदार्थ आपल्याच ग्लुकोमीटरवर पारखायचा.

चतुर्थीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इंदूरच्या सराफा बाजारातली असो की घरातली, साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. त्याआधी दिवसभर उपाशी राहणं तर अधिक वाईट. गरोदरपणात शरीर लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन वाढतात. पोटात बाळ असताना उपास सोडला तर देव रागावत नाही, हे आमच्या घरात आजीच म्हणाली आणि प्रश्न मिटला. तीन बेताची जेवणं आणि मधे दोन-तीन छोटी खाणी, झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध, असं दिवस वाटून घेणं सगळ्यांत फळतं. फळ चावून खावं, रस पिऊ नये. उसाच्या रसाची गाडी आणि आपली दुधाची घट्ट गोड शिकंजी हे दोन्ही बाळंतपणानंतरही जपूनच. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर चाललं तर स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. आणि कृपा करून एकटीचं ताट वेगळं करू नका. आत्याने सगळ्या घराचाच भात कमी केला, तेव्हा वहिनीच्या तोंडावरचा ताण उतरला.

लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवायला सुरुवात केल्यापासून एका तासाने १४०च्या किंवा दोन तासांनी १२०च्या खाली. बोट टोचण्याआधी हात धुवावा. आंब्याचा रस लागलेलं बोट खोटा आकडा दाखवतं. आहार आणि चालणं यांवर दहांतल्या सात-आठ जणींचं भागतं. दोन आठवड्यांत भागलं नाही तर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन सुरू होतं. इन्सुलिनच्या सुईची भीती मला समजते, पण ते बाळापर्यंत पोचत नाही म्हणूनच गरोदरपणात इतकी वर्षं त्याच्यावर विसंबलं गेलं आहे. एकदा लागलं की जन्मभर घ्यावं लागतं, ही समजूतही इथे चुकीची. इन्सुलिन घेणारीने हात थरथरले, घाम सुटला, म्हणजे साखर फार उतरल्याची खूण दिसली, तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यावं.

बाळंतपण झालं, वार पडली, की साखर बहुतेकींची काही तासांत, काही दिवसांत उतरते. आणि गाफील राहण्याचा काळ सुरू होतो तो इथून.

माझ्या ताईचं तसंच झालं. तिसऱ्या दिवशी साखर नॉर्मल आली, "आता काही नाही, सगळं खा" असं तिला सांगण्यात आलं, आणि आम्ही सगळे सुटलो म्हणून आनंदात डिंकाचे लाडू वळायला बसलो. पुन्हा तपासायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही कुणी विचारलं नाही. चार वर्षांनी थकवा जाईना म्हणून रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटीची साखर १९० होती. त्यातली किती वर्षं ती वाढलेली होती, कोण जाणे. मी हा लेख त्या चार वर्षांसाठी लिहिते आहे.

गरोदरपणात स्वादुपिंडाची कमाल मर्यादा उघडी पडते, आणि ती मर्यादा बाळंतपणानंतर वाढत नाही. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहापट असते. म्हणून सहा आठवड्यांनी, या वेळी उपाशीपोटी, ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० पासून पुढे मधुमेह. दोन तासांनी १४० ते १९९ ही मधली अवस्था. 'तीन महिन्यांची सरासरी' दाखवणारी तपासणी या दिवसांत फसवू शकते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि अनेकींना पंडुरोग असतो. नॉर्मल आलं तरी दर वर्षी तपासायचं, आणि पुढच्या खेपेला दिवस जाण्याच्या आधीच.

सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना संपला की चार-पाच दिवसांत. तेव्हा बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते. आमच्याकडे तेव्हा बाळाला घेऊन खजराना गणपतीला जातात. त्या सव्वा महिन्यातल्या बाजरीच्या भाकरीला, शेपूला, मेथीला, ओवा-बाळंतशेपेला मी हात लावू देणार नाही, ते उत्तमच आहे. डिंकाचा लाडू मात्र सुपारीएवढा आणि दिवसातून एकच. अंगावर पाजणं जितकं जास्त आणि जितके महिने चालेल तितकं चांगलं. पाजणाऱ्या आयांमध्ये पुढे मधुमेह कमी आढळतो.

वहिनीला आम्ही त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी नेलं. आधी लॅब, मग गणपती. उपाशीपोटी ९६, दोन तासांनी १४९. मधली अवस्था. ती गाडीत रडली, आणि मी तिला अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाबद्दल सांगितलं. तिच्यासारख्याच, गरोदरपणी मधुमेह झालेल्या आणि नंतर मधल्या अवस्थेत असलेल्या स्त्रियांमध्ये वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यांनी मधुमेहाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. मेटफॉर्मिननेही जवळजवळ तेवढंच केलं.

आता रोज संध्याकाळी आत्या बाळ सांभाळते आणि वहिनी अर्धा तास चालून येते. जच्चा-बच्चा कार्डाच्या मागच्या बाजूला आत्याने दोन्ही आकडे तारखेसह लिहिले आहेत आणि त्यांच्याखाली पुढच्या वर्षीची तारीख घालून जागा मोकळी सोडली आहे. ताईची तारीखही तिने त्याच कागदावर लिहून घेतली.