युरोपातील धार्मिक मुद्राचित्रे

पंधराव्या ते सतराव्या शतकांत युरोपात लाकडी ठशांवरून किंवा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून कागदावर छापलेली येशू, मेरी, संत आणि बायबलमधील प्रसंग यांची चित्रे. आज ती संग्रहालयांत काचेआड दिसत असली, तरी त्या काळी ती मुख्यतः वापरायची वस्तू होती : भिंतीवर डकवायची, प्रार्थनापुस्तकात ठेवायची, यात्रेहून घरी आणायची.

काष्ठठशात चित्राच्या रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढत. त्या रेषांना शाई लावून वर कागद दाबला की चित्र उमटे आणि मग ते हाताने रंगवले जाई. न्यूरेंबर्गजवळ १३९० मध्ये कागदाची गिरणी सुरू झाली आणि पुढे कागद सुलभ होत गेला, तशी ज्यांना रंगवलेला चित्रफलक परवडणे शक्य नव्हते अशांच्या घरीही ही चित्रे पोचली.

जर्मनीतील बुक्सहाइम येथील मठाच्या एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेले, १४२३ हे साल नोंदलेले संत क्रिस्टोफरचे चित्र प्रसिद्ध आहे. बालयेशूला खांद्यावर घेऊन क्रिस्टोफर नदी ओलांडतो आहे, आणि ज्या दिवशी त्याचे मुख पाहाल त्या दिवशी वाईट मरण येणार नाही, असे खालच्या लॅटिन ओळी सांगतात. वाईट मरण म्हणजे पापांची कबुली न देता अवचित आलेले मरण. येथे चित्राचे काम शोभेचे नसून दर्शनाचे आहे. भिंतीवरची चित्रे धुराने आणि ओलीने गेली, पुठ्ठ्याआडची टिकली. त्यामुळे उरलेल्या चित्रांवरून सामान्य घरांविषयी बेताबेतानेच बोलावे लागते. इटलीतील फोर्ली येथे १४२८ मध्ये एका शाळेला लागलेल्या आगीतून मेरीचे असेच एक कागदी चित्र वाचले, तो चमत्कार मानला गेला आणि आजही तेथील कॅथीड्रलमध्ये त्याची पूजा होते.

भक्तीची दुसरी बाजू जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे दिसते. १५१९ मध्ये तेथील ज्यूंना हाकलून त्यांचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) पाडण्यात आले व त्या जागी मेरीचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. मिखाएल ओस्टेनडोर्फरच्या काष्ठठशात तिच्या पुतळ्यापुढे यात्रेकरू अक्षरशः जमिनीवर लोळण घेताना दिसतात. या चित्राच्या स्वतःजवळच्या प्रतीवर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२३ मध्ये या प्रकाराचा निषेध लिहून ठेवला.

पोपच्या सत्तेला आव्हान देणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या पक्षाने मुद्राचित्र शस्त्रासारखे वापरले. चित्रकार लूकास क्रानाखच्या १५२१ च्या चित्रमालेत एका पानावर येशू शिष्यांचे पाय धुतो, तर समोरच्या पानावर पोप आपल्या पायाचे चुंबन घेऊ देतो. वाचता न येणाऱ्यालाही यातला टोला कळे. पुढच्याच वर्षी ल्यूथरने जर्मनमध्ये भाषांतरित केलेल्या ‘नव्या करारा’च्या (बायबलच्या उत्तरभागाच्या) सप्टेंबरच्या आवृत्तीत बॅबिलोनच्या वेश्येच्या, म्हणजे बायबलमधील पापाचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता, डिसेंबरच्या आवृत्तीत तो कोरून काढावा लागला.

पोपला मानणाऱ्या कॅथलिक बाजूने आजच्या बेल्जियममधील अँटवर्प हे मोठे केंद्र ठरले. तेथे १५९३ मध्ये निघालेल्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) ग्रंथातील १५३ ताम्रचित्रांत प्रसंगाच्या प्रत्येक भागाला अक्षर देऊन खाली त्याचा खुलासा छापला होता. याच शहरात छापलेले बहुभाषी बायबल १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी फतेपूर सीक्री येथे अकबराला भेट दिले, आणि थोड्याच वर्षांत मुघल चित्रकार युरोपीय मुद्राचित्रांच्या नकला करू लागले. ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या चित्रातील संत जॉनची मुघल चित्रकार अबुल हसनने केलेली नक्कल इ. स. १६०० च्या सुमाराची आहे. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.