शिकाऊ उमेदवार नेमताना : आस्थापनेची पात्रता, करार, कागदपत्रे आणि खर्च

सांगली जिल्ह्यातील कुपवाड, मिरज आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतींत एखादा मुलगा ‘कामावर शिकायला ठेवला’ जातो, महिन्याकाठी काही रक्कम त्याच्या हातात दिली जाते आणि तो शिकाऊ आहे असे मालक व मुलगा दोघेही धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे ज्याचा करार झाला आणि नोंदला गेला, तोच शिकाऊ उमेदवार. करारच नसेल तर तो मुलगा कामगार ठरू शकतो आणि किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा या सगळ्यांची थकबाकी पुढे मालकाकडे मागितली जाऊ शकते. नोंदणीला कागदी उपचार समजणाऱ्या मालकांनी हा मुद्दा सर्वांत आधी ध्यानात घ्यावा.

नेमणूक कोणावर बंधनकारक आहे, हे २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनी ठरवले आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. संख्या मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे असतात, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या हिशेबातून सुटते. एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घ्यायचे असतात. म्हणजे कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात ५५ कायम आणि २५ कंत्राटी अशी ८० माणसे असतील, तर त्याला किमान २ उमेदवार घ्यावे लागतील आणि जास्तीत जास्त १२ घेता येतील.

उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगात ते १८ आहे. दहावी किंवा बारावी झालेला मुलगा थेट घेता येतो, पण त्याला यंत्रावर उभे करण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. आयटीआय उत्तीर्ण फिटर, टर्नर किंवा वेल्डरला त्याची गरज नसते, त्यामुळे पहिल्यांदाच नेमणूक करणाऱ्या लहान कारखान्याने आयटीआयच्या उमेदवारापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. आस्थापनेने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नाव नोंदवावे; त्यासाठी पॅन, जीएसटी क्रमांक किंवा आस्थापनेच्या नोंदणीचा पुरावा, असल्यास भविष्य निर्वाह निधीचा संकेतांक, मनुष्यबळाची संख्या आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवावा. उमेदवाराकडून आधार, आधारशी जोडलेले बँक खाते व मोबाइल क्रमांक, गुणपत्रिका किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र आणि छायाचित्र लागते. त्यानंतर ट्रेड (फिटर, टर्नर असा शिकवायचा व्यवसाय) निवडून जागा जाहीर करायच्या, उमेदवार निवडायचा आणि करार तयार करायचा, असा क्रम आहे. उमेदवार अल्पवयीन असेल तर करार त्याच्या पालकाबरोबर करावा लागतो. कराराचा तपशील सात दिवसांच्या आत पोर्टलवर भरावा, अशी अधिनियमात तरतूद आहे. अडचण आल्यास शासकीय आयटीआयशी संलग्न असलेल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी. पदवी व पदविकाधारकांची नोंदणी मात्र वेगळ्या पोर्टलवर होते.

आता खर्च. २०१९ च्या नियमांत पहिल्या वर्षाचे किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णास ६,०००, बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये असे ठरले. करार करण्याच्या दिवशीचा चालू दर पोर्टलवर पाहूनच आकडा भरावा. ही रक्कम पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत उमेदवाराच्या खात्यात जमा करायची असते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. वरच्या उदाहरणातील २ आयटीआय उमेदवारांचे विद्यावेतन २०१९ च्या दराने दरमहा १४,००० रुपये होते. त्यातले ३,००० सरकारचे आणि ११,००० मालकाचे, म्हणजे मालकाच्या वाट्याला वर्षाला १,३२,००० रुपये येतात. नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विमा लागू नसल्याने ती वर्गणी भरावी लागत नाही. तथापि कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाचीच राहते, म्हणून अपघात विमा आधीच उतरवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या हिशेबात न दिसणारा सर्वांत मोठा खर्च शिकवणाऱ्याच्या वेळेचा असतो. जुना, कसबी टर्नर नव्या मुलाजवळ रोज तासभर थांबला तर तेवढा वेळ त्याच्या यंत्राचे उत्पादन घटते. प्रशिक्षणाची सूत्रे पात्र व्यक्तीकडे असलीच पाहिजेत, असे अधिनियम सांगतो. तेव्हा हा तास टाळून कायदा पाळल्याचा दावा करता येत नाही. उमेदवाराला माल भरण्याच्या किंवा झाडलोटीच्या कामाला जुंपणे, नगावर पैसे देणे, परवानगीशिवाय जादा वेळ थांबवणे, या गोष्टींना मनाई आहे. रजा व सुट्ट्या आस्थापनेत चालतात त्याप्रमाणे द्याव्या लागतात. मालकाने कराराच्या अटी न पाळल्यामुळे करार मोडला, तर शेवटच्या तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई उमेदवाराला द्यावी लागते.

बंधनकारक जागा रिकाम्या ठेवल्यास अधिनियमाच्या २०१४ च्या दुरुस्तीने दर उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये दंड ठेवला. दोन जागा वर्षभर रिकाम्या राहिल्या तर तो २१,००० रुपये होतो, आणि विद्यावेतनापेक्षा दंड स्वस्त पडतो असे काही मालक म्हणतात. या तुलनेत वर्षभर हाताखाली तयार झालेल्या फिटरचे काम धरलेलेच नसते. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याची सक्ती नाही, मात्र अशा उमेदवारांच्या भरतीबाबत आस्थापनेने स्वतःचे धोरण ठरवावे, असे कलम २२ सांगते. ते धोरण करार करतानाच लिहून मुलाला व त्याच्या पालकांना दाखवावे.