साडेनऊच्या गाडीचा डबा

अकरावी-बारावीला लातुरात होतो तेव्हा सकाळी साडेनऊला आम्ही आठ-दहा पोरं स्टँडवर हजर असायचो. निलंग्याकडची गाडी फलाटाला लागली की ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर रचलेले डबे एकेक करून खाली यायचे. कापडात बांधलेले, झाकणावर खिळ्याने नाव कोरलेले. खालच्या इंजिनाच्या धगीने भाकरी दीड तासानंतरही ऊन असायची आणि तिला डिझेलचा हलका वास लागलेला असायचा. आत घट्ट पिठलं, जवसाची चटणी आणि एक कांदा. कांदा खोलीवर नेऊन बुक्कीने फोडायचा.

आता सत्तेचाळिशीत आहे. पण अजूनही पंपावर डिझेलचा वास आला की मला पिठल्याची भूक लागते. बायकोला हा येडपटपणा वाटतो. मला मात्र या लेखाचा सगळा मुद्दाच त्यात दिसतो.

लेख लिहायचं निमित्त वेगळं आहे. गेल्या वर्षी माझं एचबीए१सी ६.१ आलं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा सरासरी अंदाज देते, ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आकडा आला तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असं धरतात. उंबरठ्यावर गर्दी मोठी आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. मी घाबरून ओट्स, काकडी, उकडलेली कडधान्यं असा संसार मांडला. तीन आठवडे नेटाने चालला. मग एके दिवशी बांधावरून भावकीत वाजलं. रात्री साडेअकराला फ्रीज उघडून मी उभ्या उभ्या पाच गुलाबजाम खाल्ले. बांध जिथे होता तिथेच राहिला.

त्या पाच गुलाबजामांचा हिशोब लावायला मी वाचत बसलो. मन खट्टू झालं की हात गोडाधोडाकडे, तळलेल्याकडेच का जातो? भोपळ्याकडे का जात नाही?

पहिलं उत्तर संप्रेरकांचं. ताण आला की मेंदूतून निरोप निघतो आणि मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. भांडण तासाभरात मिटलं तर कॉर्टिसॉलही उतरतं. पण पाऊस लांबलाय, सोयाबीनचा भाव पडलाय, पोराची नीटची परीक्षा तोंडावर आलीय असा महिनोन्महिने चालणारा ताण असेल तर ते चढंच राहतं आणि साखर-चरबीची ओढ वाढवतं. कॅलिफोर्नियातल्या मेरी डालमन यांनी २००३ मध्ये उंदरांवरच्या कामातून यावर एक कल्पना मांडली. दीर्घ ताणात असं खाल्ल्यावर पोटाभोवती चरबी साठते आणि तीच ताणाच्या यंत्रणेला जरा आवर घालते, अशी ती कल्पना. म्हणजे शरीर स्वतःवर इलाज करू पाहतं, फक्त त्याची किंमत कमरेवर वसूल होते.

इथवर वाचून मला बरं वाटलं. दोष कॉर्टिसॉलचा, माझा नाही! पण २०१० साली सिनसिनाटीत झालेला एक प्रयोग हाती लागला आणि विचार पालटला. त्यात उंदरांना दिवसातून दोनदा साखरपाणी दिलं, तेही प्रत्येक वेळी फार तर ४ मिलिलिटर. दोन आठवड्यांनी त्यांना ताण दिला तेव्हा त्यांची ताणाची प्रतिक्रिया इतरांपेक्षा सौम्य निघाली. मग संशोधकांनी साखरेऐवजी सॅकरिन दिलं. त्यात गोडी आहे, कॅलरी नाहीत. तरी परिणाम दिसला. शेवटी तेच साखरपाणी नळीने थेट पोटात सोडलं, जिभेला न लागू देता. आता मात्र परिणाम गायब. उंदराला निवांत करत होती ती चव, कॅलरी नव्हेत. आणि तीही घोटभर पुरत होती.

याच्या बरोबर उलटा वाटावा असा एक प्रयोग २०११ साली बेल्जियममधल्या ल्यूवेनमध्ये झाला. बारा निरोगी माणसांच्या पोटात नळीने स्निग्धाम्लाचं, म्हणजे चरबीतल्या घटकाचं, द्रावण सोडलं आणि त्यांना उदास संगीत ऐकवलं. नुसतं मिठाचं पाणी सोडलं तेव्हापेक्षा उदासी कमी जाणवली. चव नाही, वास नाही, आपल्या पोटात काय गेलंय ते माहीतही नाही, तरी जठराने मेंदूला परस्पर काहीतरी कळवलं. म्हणजे साजूक तुपाच्या धारेतही थोडं तथ्य आहे म्हणायचं. माणसं बाराच होती, त्यामुळे मी यावर फार मोठी इमारत बांधणार नाही.

(केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळं खाल्लं की आनंद होतो, असं मोबाइलवर सारखं फिरत असतं. आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळं चांगलंच आहे, त्याला हे प्रशस्तिपत्र नको.)

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मिनेसोटा विद्यापीठातल्या २०१४ च्या कामाने. ट्रेसी मान यांच्या गटाने लोकांना आधीच विचारून ठेवलं की मन खराब असताना काय खाल्लं की बरं वाटतं. मग त्यांना दुःखी चित्रफिती दाखवून उदास केलं. काहींच्या हाती त्यांचा तो लाडका पदार्थ दिला, काहींना आवडीचं दुसरं काहीतरी, काहींना साधंसुधं खाणं, आणि काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळ्यांचाच मूड सारखाच सुधारला होता. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं त्यांचाही. उदासी आपल्या पायाने आली तशी आपल्या पायाने निघून जात होती आणि श्रेय गुलाबजाम घेत होता. त्या रात्री मी फ्रीज न उघडता अंगणात पंधरा मिनिटं बसलो असतो तरी तेवढंच बरं वाटलं असतं, असा याचा अर्थ. पटायला जड आहे. पण हे प्रयोगशाळेतल्या वीस मिनिटांच्या उदासीबद्दल आहे. वर्षभर मुरलेल्या दुःखाबद्दल त्यातून फार बोलता येत नाही.

मग डब्याचं काय? तो उघडला की आतून जे सैल व्हायचं, तेही खोटं?

तसं नसावं. बफेलो विद्यापीठातल्या जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गॅब्रिएल यांनी २०११ मध्ये काही जणांना जिवलग माणसाशी झालेल्या भांडणाबद्दल लिहायला लावलं. असं लिहिलं की माणसाला एकटं वाटू लागतं. त्यानंतर त्यांच्यापैकी काहींना आपला जिव्हाळ्याचा पदार्थ खाण्याबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांची नाती मुळात विश्वासाची होती, त्यांचं एकटेपण नुसतं लिहून कमी झालं. घास पोटात गेलाच नव्हता. संशोधकांचं म्हणणं असं की हा पदार्थ ज्यांच्या हातून, ज्यांच्या शेजारी बसून खाल्ला, ती माणसं त्याच्यासोबत मनात येऊन बसतात.

हे काम मुख्यतः वासाचं. डोळ्यांनी, कानांनी टिपलेला निरोप मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या टपालघरातून पुढे जातो. वासाला मात्र तिथे थांबावं लागत नाही. तो जवळजवळ थेट भावनांच्या अमिग्डालाशी आणि आठवणींच्या हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या वाटेला लागतो. म्हणून वासाने आधी गहिवरून येतं आणि कशामुळे ते मागून कळतं. ही जोडणी जन्माआधीच सुरू होते. फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्रात १९९५ मध्ये गरोदर बायकांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या, आणि नंतर त्यांच्या गर्भजलाचा वास हुंगणाऱ्यांना बदललेला जाणवला. आपल्याकडे लेकरू लसणाच्या फोडणीतच नऊ महिने काढतं. पुढे ठेच्याचा वास आला की जीव थाऱ्यावर येतो याचं नवल करायला नको.

डिझेलचं कोडंही इथेच सुटतं. डिझेलमध्ये पोषण नाही की चव नाही. दोन वर्षं तो वास रोज भाकरीच्या बरोबर आला, एवढाच काय तो त्याचा माझ्याशी संबंध. पिठलं, चटणी, मायचा हात, घरापासून लांब असल्याची हुरहुर, हे सगळं मेंदूने एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं. गाठ कुठूनही सोडली तरी सगळंच बाहेर पडतं.

माझी चूक मग गुलाबजाम खाण्याच्याही आधी झाली होती. निरोगी खायचं म्हणून मी ते गाठोडंच घराबाहेर ठेवलं. त्याचे परिणाम १९७५ पासून माहीत आहेत. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीमची चव बघायच्या निमित्ताने हवं तेवढं खाऊ दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात असल्याने आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या काटेकोर पथ्यावर होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्तच हाणलं. उपास मोडलाच आहे तर मोडू दे सगळा! पहिल्या गुलाबजामला मी मोडलो. उरलेले चार या हिशोबातले.

आता आमच्या ताटाकडे येतो. आधुनिक आहाराच्या नावाने मी जे बाहेर ठेवलं त्यात पिठलं-भाकरीही होती, याची लाज वाटते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. कोंड्यासकट गव्हाचं पीठ मात्र ज्वारीच्या तोडीस तोड आहे, तेव्हा उगाच गव्हाला शिव्या नकोत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी, बेसनात भरपूर. दोन्ही एका ताटात आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ही जोडी कोणा आहारतज्ज्ञाने लावून दिलेली नाही. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आणला, तो शेतात कमी आणि बातम्यांत जास्त भेटतो हे वेगळं.

पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही दोन-तृतीयांश पिष्टमय पदार्थच असतात आणि साखर तिनेही चढते. एका भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. पिठल्यावर दोन मोठे चमचे तेल ओतलं की तेवढ्याच पुन्हा. चार भाकरी शेतात कोळपं हाणणाऱ्याला पचायच्या. मी खुर्चीत बसून ऑनलाइन अर्ज भरतो.

चार खायची सवय मात्र सहज सुटत नाही, कारण तिच्यामागे भूक नाही, भीती आहे. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, यावर घर जगलं. मिलोची भाकरी थापताना फुटायची, असं ती सांगायची. पुढे बरे दिवस आले तरी ती ताटातला शेवटचा कण बोटाने टिपून खायची आणि आम्हाला उठू द्यायची नाही. तिच्यासाठी भरलेलं पोट म्हणजेच धीर होता. तो धीर आम्हाला वारशात मिळाला, खडी फोडणं मिळालं नाही.

आणि चहा! पुरणपोळीवर खटला चालतो, चहा मोकाट फिरतो. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. कपात दोन चमचे साखर, दिवसाकाठी पाच कप, म्हणजे ४०-५० ग्रॅम झाली. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी हे बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. गुलाबजाम वर्षातून दहा वेळा होतो, चहा रोज पाचदा. माणूस जोडायला चहा लागतो हे कबूल, दोन चमचे लागत नाहीत. मी दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेलो. आता पाहुण्याच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

गोड बंद केलं नाही. बसून, बशीत घेऊन, एकच. पहिल्या दोन घासांत जेवढी चव कळते तेवढी पुढच्यांत कळत नाही. एकच पदार्थ खात राहिलं की जीभ त्याला विटते आणि ते पोट भरण्याच्याही आधी होतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मात्र मोजमाप नाही. शेतात कोपीजवळ बसून आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी ग्लुकोमीटर घरी राहतो.

भांडणाच्या रात्रीचं अजून पूर्ण जमलेलं नाही. हल्ली आधी गावी फोन लावतो. मायचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलास का?” मग तासभर पिकापाण्याचं बोलणं होतं. पाचपैकी तीन वेळा फ्रीजची आठवण होत नाही.

मागच्या महिन्यात गावाकडून डबा आला. हल्ली चुलतभाऊ मोटारसायकलवर आणून देतो, त्यामुळे भाकरी गार होती आणि डिझेलचा वासही नव्हता. पिठलं मात्र तेच. रात्री मायचा फोन आला.

“किती खाल्ल्यास भाकरी?”

“दीड.”

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, “अंगात कसर हाय का रे?”