तारण, विसार, वतन : कृपेच्या शिकवणीची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात ‘तारण’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हळदीची पोती गोदामात ठेवायची, पावती घ्यायची, बाजारभावाच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची आणि 180 दिवसांत 6 टक्के व्याजाने फेडायची. पतसंस्थेत गेले की सोने तारण, बँकेत ठेव तारण. क्रम सगळीकडे एकच : आधी तुमच्याकडचे काहीतरी ठेवा, मग हातात पडेल. रविवारी ख्रिस्ती मंडळीत मात्र बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले आठवे वचन वाचले जाते. त्यात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, ते दान आहे. शब्द तोच, क्रम नेमका उलटा.

ही शब्दांची गंमत नव्हे. ‘कृपेने तारण, नियमशास्त्राने (म्हणजे मोशेच्या आज्ञा पाळून) नव्हे’ ही शिकवण या भागात पावणेदोनशे वर्षे दिली जात आहे, आणि तेवढीच वर्षे ऐकणारा मनात विचारतो, ‘ते खरे, पण माझ्याकडून काय ठेवायचे?’ तारणासाठी नियमशास्त्र पाळावे लागते का, हा वाद पहिल्या शतकातला असला तरी इथे तो मराठी शब्दांच्या अंगाने चालला.

मराठीत पर्याय होते. ‘मोक्ष’ घेतला तर जन्ममरणाचा फेरा मागोमाग येतो. ‘मुक्ती’ म्हटले की सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार पायऱ्या कीर्तनात ऐकलेल्या असतात. तरीही हा शब्द एका ठिकाणी टिकला : 1882 मध्ये मुंबईत उतरलेली संघटना मराठीत ‘मुक्तिफौज’ म्हणूनच ओळखली गेली. हिंदी बायबलने ‘उद्धार’ आणि ‘अनुग्रह’ घेतले. मराठीत ‘अनुग्रह’ गुरूकडून घ्यायचा असतो, त्याला विधी आणि पात्रता असते. त्यामुळे ‘कृपा’ हा शब्द मराठीला बरा. पण ‘तारण’ बुडणाऱ्याला वर काढण्याचे चित्र घेऊन आले आणि मागून बाजारातला अर्थही घेऊन आले. दोन्ही अर्थ ‘तारणे’ या क्रियापदाच्याच घरचे. कर्ज बुडते, म्हणून तारण लागते. फरक एवढाच की कर्जातले तारण सावकाराला तारते आणि शुभवर्तमानातले तारण ऋणकोला. हे वाक्य पहिल्याच धड्यात सांगितले असते तर पुढची बरीच घासाघीस वाचली असती.

त्याच इफिसकरांस पत्रात, पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात दुसरा व्यवहारी शब्द आहे : ‘विसार’. गावाकडे त्याला इसार म्हणतात. जमिनीचा सौदा ठरला की घेणारा विसार देतो, विसारपावती होते, उरलेली रक्कम खरेदीखताच्या वेळी. घेणाऱ्याने माघार घेतली तर बहुधा विसार बुडतो. म्हणजे विसार देणारा स्वतःला बांधून घेतो. वचनात पवित्र आत्मा हा विसार आहे आणि तो देणारा देव आहे. माणूस काही देत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ सेमिटिक भाषांतून आलेला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात, यहूदा आपली मुद्रा, दोरी आणि काठी ठेवतो तिथे हाच शब्द गहाण या अर्थाने येतो. ग्रीकमध्ये एकाच शब्दात गहाण आणि विसार दोन्ही बसतात. मराठीला निवड करावी लागली आणि ती अचूक झाली. ‘तारण’ समजावताना ‘विसार’ हाताशी घ्यावा, असे आमचे मत. आपल्याकडे नेमके उलटे होते : तारणावर दहा प्रवचने आणि विसारावर एकही नाही.

तिसरा शब्द अधिक दुखरा आहे. त्याच वचनात विसार कशाचा, तर ‘वतनाचा’. ग्रीकमध्ये अर्थ वारसाहक्काचा वाटा. सातारा–सांगलीच्या गावगाड्यात वतन म्हणजे चाकरीच्या बदल्यात मिळालेली जमीन. चाकरी केली तर वतन. खालच्या मानलेल्या जातींची वतने 1958 च्या कायद्याने गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन पुन्हा नावावर करून घ्यावी लागली. या भागातल्या मंडळ्यांत ज्या समाजांतून लोक आले, त्यांतल्या अनेकांनी वतनाबरोबरची राबणूक पिढ्यान्‌पिढ्या सोसली होती. त्यांच्या कानावर ‘स्वर्गीय वतन’ पडले तेव्हा त्यात फुकट काही असेल, असे कशाला वाटावे? अनुवाद चुकीचा नव्हता. शब्दाच्या मागे उभा असलेला पाटील अनुवादकाला दिसला नाही.

‘नीतिमान ठरणे’ हाही तसाच. ‘नीतिमान’ म्हणजे चांगल्या वर्तनाचा माणूस, हा रोजचा अर्थ. रोमकरांस पत्रातला मूळ शब्द कोर्टातला आहे : निर्दोष म्हणून निकाल देणे. सगळा भार ‘ठरणे’ या क्रियापदावर आहे. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हा त्याच्या स्वभावात बदल झालेला नसतो, न्यायाधीशाचा निकाल लागलेला असतो. ‘नीतिमान होणे’ ही वेगळी गोष्ट, तिला पवित्रीकरण म्हणतात आणि ती निकालानंतर सुरू होते. घाईघाईच्या प्रवचनात ‘ठरतो’ च्या जागी ‘होतो’ आले की कृपेची शिकवण त्या एका शब्दाच्या फरकाने नियमशास्त्राकडे परतते.

या भागात हे शब्द आले दोन वाटांनी. मराठी नव्या कराराची पहिली छपाई बंगालमधल्या सेरामपूरची, 1811 ची, मोडी लिपीत. अमेरिकन मिशनचे काम मुंबईत 1813 ला सुरू झाले आणि तिथला नवा करार 1826 चा. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात त्या मिशनचे ठाणे बसले. ही कॉंग्रिगेशनल परंपरा : प्रत्येक मंडळी आपल्या कारभारात मोकळी. सांगली–मिरजेकडे आलेली परंपरा वेगळी. कोल्हापूरला 1852 मध्ये सुरू झालेले काम 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, तिथून ते सांगलीत आले आणि 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ उभे राहिले. इथे कारभार वडील मंडळाचा, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या समितीचा, आणि शिकवण वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीची.

ती प्रश्नोत्तरावली उघडून पाहावी. एकूण प्रश्न 107. नीतिमान ठरवले जाणे म्हणजे काय, हा 33 वा. उत्तर नि:संदिग्ध : देवाच्या फुकट कृपेची कृती, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाकरिता, केवळ विश्वासाने स्वीकारलेली. त्यानंतर 39 पासून 81 पर्यंत, म्हणजे 43 प्रश्न, माणसाचे कर्तव्य आणि दहा आज्ञा. कोणती आज्ञा काय सांगते, काय मना करते, कारण काय. 82 वा प्रश्न विचारतो, या आज्ञा पुरेपूर पाळता येतात का? उत्तर, नाही. रचणाऱ्यांच्या मनात क्रम स्पष्ट होता : आधी कृपा, मग कृतज्ञतेने आज्ञापालन. पण पाठांतर करणाऱ्या मुलाच्या हिशेबात एका प्रश्नासमोर 43 प्रश्न पडले. पाठांतरात वजन संख्येने ठरते.

त्यात बाप्तिस्म्याची पद्धत. मागणाऱ्याची चौकशी व्हायची, शिकवणीचा काळ जायचा, वडील मंडळापुढे प्रश्न विचारले जायचे. जातीची बंधने सोडली का, दारू सोडली का, घरातले देव आणि जत्रा सोडल्या का, रविवार पाळतो का. रविवारी बाजार भरणाऱ्या गावातल्या माणसाला शेवटचा प्रश्न म्हणजे आठवड्याच्या कमाईवर पाणी. चूक झाली तर प्रभुभोजनापासून दूर ठेवत, पश्चात्तापाची खात्री पटल्यावर पुन्हा घेत. मिशनची बाजूही समजून घेतली पाहिजे. 1876–77 आणि 1896 ते 1900 च्या दुष्काळांत अन्नासाठी बाप्तिस्मा घेतात, हा आरोप मराठी मुलुखात सगळीकडे होता आणि त्याला उत्तर म्हणून चाळणी बारीक झाली. चाळणी सभासदत्वाची होती, तारणाची नव्हती. हा फरक बाहेरच्यांना कळला नाही, आतल्यांपैकीही थोड्यांनाच कळला.

या फरकावर सर्वांत थेट बोट ठेवले गेले ते साताऱ्यातच. मिशनची नोकरी सोडलेल्या एका ज्येष्ठ मराठी कवीने 1917 मध्ये इथे ‘देवाचा दरबार’ मांडला. ते नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात यावेत, ही कल्पना. मिशनच्या वर्तुळात खळबळ उडणे स्वाभाविक होते, कारण प्रश्न गलतीकरांस पत्राचाच होता (तिथे विधी सुंतेचा) : विश्वास ठेवलेल्या माणसाला आपल्यातला म्हणण्यासाठी आणखी एक विधी लागतो का? दोन वर्षांनी, 1919 मध्ये, कवी गेले आणि दरबार फार चालला नाही. बाप्तिस्म्याची आज्ञा खुद्द ख्रिस्ताची आहे, तिची तुलना सुंतेशी करता येत नाही, हा विरोधकांचा मुद्दा दुबळा नव्हता. तरी दरबाराला ‘भावनेच्या भरातला प्रयोग’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

मूळ वाद इथे दोन ओळींत पुरे. यरुशलेमेत साधारण इ. स. 49 च्या सुमारास प्रेषितांनी बैठक घेतली. परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहूदी नसलेल्यांतून, आलेल्यांवर सुंतेची सक्ती नको, असे ठरले, आणि पत्रात चारच गोष्टी टाळायला सांगितल्या : मूर्तींना वाहिलेले, रक्त, गुदमरून मेलेल्या जनावराचे मांस आणि जारकर्म. ही पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा युक्तिवाद तारखांचा होता : अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात, सुंता 17 व्यात, आणि नियमशास्त्र त्यानंतर 430 वर्षांनी. जे नंतर आले ती आधीची अट कशी होईल? याकोबाच्या पत्रातले ‘केवळ विश्वासाने नव्हे’ हे वचन लोक याच्यावर फेकतात. याकोब कोरड्या कबुलीबद्दल बोलतो, एवढे लक्षात ठेवले तर भांडण उरत नाही. मधली पंधराशे वर्षे, लूथरपासूनची 1517 ची प्रोटेस्टंट फूट आणि ट्रेंटच्या परिषदेत रोमन बाजूने दिलेले 1547 चे उत्तर इथे बाजूला ठेवू. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग शहरात लूथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी याच विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड परंपरेच्या मंडळ्या 2017 मध्ये तिच्याशी जोडल्या गेल्या. आपल्याकडच्या किती व्यासपीठांवर तिचा उल्लेख झाला, हे ज्याचे त्याने आठवावे.

सातारा आणि सांगली या दोन वाटा 1924 च्या एकीकरणात (युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया) एका छताखाली आल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्यांचे मोठे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. विधीचा प्रकार तारणाची अट नाही, हे यातून कागदावर तरी आले. त्यानंतरच्या दशकांत स्वतंत्र प्रार्थनागृहे वाढली आणि नियमशास्त्र नव्या पोशाखात परतले. कुठे दागिने नकोत, कुठे शनिवारच पाळायचा, कुठे पाण्यात पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा खरा नाही. जवळपास सगळीकडे दशमांश.

दशमांशाचा घोळ उसाच्या बिलाशी जोडून पाहिला की उघडा पडतो. कारखाना बिलातून सोसायटीचे कर्ज कापतो, उरलेले खात्यावर टाकतो. मग दहा टक्के कशाचे, बिलाचे की हाती आलेल्याचे? व्यासपीठावरून उत्तर येते, बिलाचे, आणि जुन्या करारातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा हवाला. पण नियमशास्त्रच लावायचे तर पुरते लावावे. देवघराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता म्हणून त्यांच्यासाठी एक दशमांश, ‘गणना’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात. शिवाय ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायाप्रमाणे यात्रेचा, आणि दर तिसऱ्या वर्षी उपरा, अनाथ व विधवांसाठी. हे वेगवेगळे धरले तर हिशेब दहावर थांबत नाही. आणि तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, जनावरांचा. पगाराचा उल्लेख नाही. सुंता करून घेणारा सगळे नियमशास्त्र पाळायला बांधला जातो, हे गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले गणित दहा टक्के मागणाऱ्यांनाही लागू आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातली वर्गणी मनात ठरवल्याप्रमाणे, टक्का न सांगता.

जुन्या मंडळ्यांत कापणीचा सण असतो. कोणी गुळाची ढेप आणतो, कोणी कोंबडी, कोणी हळकुंडे, कोणी चार नारळ. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो आणि कोंबडी हौसेने बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जाते. कोणाच्या शेतात किती पिकले, हे तिथे विचारत नाहीत.