मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्राम

अमेरिकेत मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेल्या मेडिकेअर या केंद्रीय आरोग्यविम्याचा हप्ता गरीब विमाधारकांच्या वतीने राज्य सरकारने भरण्याची व्यवस्था. काही प्रकारांत उपचाराच्या खर्चातला रुग्णाचा वाटाही तीच उचलते. मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या दोन्ही योजना १९६५ च्या एकाच कायद्यातून आल्या. मेडिकेअर केंद्र सरकार चालवते, तर मेडिकेड केंद्र आणि राज्य या दोघांच्या पैशाने व केंद्राच्या चौकटीत राज्ये चालवतात. सेव्हिंग्ज प्रोग्राम या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे. विमा केंद्राचा असला तरी मदतीचा अर्ज राज्याच्या मेडिकेड कचेरीत करावा लागतो. पात्र असूनही अनेक वृद्ध लाभाबाहेर राहतात, त्याचे मोठे कारण या विभागणीत आहे.

मेडिकेअर फुकट नाही. २०२५ साली डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवांच्या पार्ट बी या भागाचा हप्ता महिना १८५ डॉलर, म्हणजे वर्षाला २,२२० डॉलर होता. त्याशिवाय वर्षाचे पहिले २५७ डॉलर आणि त्यापुढे मंजूर दराच्या २० टक्के रक्कम रुग्णाने द्यायची. रुग्णालयाच्या पार्ट ए या भागात दर आजारपणाच्या कालखंडाला १,६७६ डॉलर आधी भरावे लागत. ज्याने किंवा ज्याच्या जोडीदाराने ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, नोकरीतून मेडिकेअरचा कर भरलेला आहे त्याला पार्ट ए विनाहप्ता मिळतो. ३० तिमाह्याही नसतील तर त्याचा हप्ता महिना ५१८ डॉलर होता.

मदतीचे चार प्रकार आहेत. क्यूएमबी (क्वालिफाइड मेडिकेअर बेनिफिशियरी) हा सर्वांत भरीव. तो १९८८ च्या कायद्याने सर्व राज्यांना बंधनकारक झाला. त्यात पार्ट बी आणि गरज असल्यास पार्ट एचाही हप्ता, शिवाय रुग्णाचा वाटा माफ होतो. एसएलएमबी (स्पेसिफाइड लो-इन्कम मेडिकेअर बेनिफिशियरी, १९९०) आणि क्यूआय (क्वालिफाइंग इंडिव्हिज्युअल, १९९७) यांत फक्त पार्ट बीचा हप्ता भरला जातो. क्यूआयचा सगळा पैसा केंद्राचा, पण ठरावीक रकमेपुरता. म्हणून तो अर्जांच्या क्रमाने मिळतो, आदल्या वर्षीच्या लाभार्थींना अग्रक्रम असतो आणि अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. क्यूआय वर्षानुवर्षे तात्पुरत्या मुदतवाढींवर चालला आणि २०१५ मध्ये कायम झाला. चौथा क्यूडीडब्ल्यूआय कामावर परतलेल्या, ६५ पेक्षा कमी वयाच्या अपंगांसाठी आहे. वृद्धांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

२०२५ साठी मासिक उत्पन्नाच्या मर्यादा अशा होत्या : क्यूएमबी एकट्याला १,३२५ व दांपत्याला १,७८३ डॉलर, एसएलएमबी १,५८५ व २,१३५, क्यूआय १,७८१ व २,४००. केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या अनुक्रमे १००, १२० आणि १३५ टक्क्यांत २० डॉलरची सरसकट सूट मिळवून हे आकडे येतात. अलास्का व हवाईत ते जास्त असतात. मजुरीच्या उत्पन्नात आणखी ६५ डॉलर आणि उरलेल्याचा अर्धा भाग वगळतात. त्यामुळे दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या वृद्धाचा एकूण पगार मर्यादेबाहेर दिसला तरी हिशेबात तो आत बसू शकतो. आकडा पाहून घरीच अपात्र ठरवून घेणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. सोशल सिक्युरिटी या केंद्रीय निवृत्तिवेतनाची महागाईवाढ जानेवारीत मिळते, दारिद्र्यरेषेचे नवे आकडे मात्र त्यानंतर जाहीर होतात. मधल्या काळात त्या वाढीमुळे कोणाला अपात्र ठरवता येत नाही.

मालमत्तेची मर्यादा २०२५ मध्ये एकट्याला ९,६६० आणि दांपत्याला १४,४७० डॉलर होती. राहते घर, एक गाडी, घरातले सामान, दफन-दहनाची जागा आणि अंत्यसंस्कारासाठी माणशी १,५०० डॉलर त्यात धरत नाहीत. बँकेतली शिल्लक, शेअर, दुसरे घर धरतात. हे केंद्राचे किमान निकष आहेत, राज्ये ते सैल करू शकतात. न्यू यॉर्कमध्ये मालमत्तेची अटच नाही आणि २०२३ पासून क्यूएमबीची उत्पन्नमर्यादा १३८ टक्के आहे. म्हणून शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाचा अनुभव आपल्याला लागू होईलच असे नाही.

अर्जासोबत मेडिकेअर कार्ड, सोशल सिक्युरिटी क्रमांक, नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, पेन्शनचे पत्र, बँक विवरणे आणि आयुर्विम्याची कागदपत्रे लागतात. निर्णय सर्वसाधारणपणे ४५ दिवसांत द्यायचा असतो. नकार आला तर लेखी कारण मागून सुनावणीसाठी अपील करता येते. क्यूएमबी मंजुरीच्या पुढच्या महिन्यापासून सुरू होते, मागील काळासाठी नाही. एसएलएमबी व क्यूआय मात्र तीन महिने मागे जाऊ शकतात (क्यूआय त्याच कॅलेंडर वर्षापुरते). मंजुरीनंतरही काही महिने पेन्शनमधून हप्ता कापला जातो, कारण राज्याची नोंद सोशल सिक्युरिटीच्या यंत्रणेत पोचायला वेळ लागतो. कापलेली रक्कम पुढे परत येते. पार्ट बी उशिरा घेतल्याबद्दलचा दंड, जो दर पूर्ण १२ महिन्यांच्या विलंबाला १० टक्के असतो, तोही राज्य हप्ता भरू लागले की सुटतो.

मोफत पार्ट ए नसलेल्यांची वाट जास्त किचकट आहे. बहुतेक राज्यांत क्यूएमबीसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो आणि पार्ट एची नोंदणी राज्यच करते. उरलेल्या राज्यांत आधी जानेवारी ते मार्चदरम्यान सोशल सिक्युरिटी कचेरीत पार्ट एसाठी सशर्त अर्ज करावा लागतो : क्यूएमबी मंजूर झाली तरच मला पार्ट ए हवा, नाहीतर नको. 'सशर्त' हा भाग अर्जावर लिहायचा राहिला तर पार्ट एच्या पूर्ण हप्त्याचे बिल (२०२५ मध्ये ५१८ डॉलर) दरमहा मागे लागते. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ही तरतूद नेहमी ठाऊक असते असे नाही. कॅलिफोर्निया २०२५ च्या आरंभी पहिल्या गटात आले. एसएलएमबी व क्यूआयमध्ये पार्ट एचा हप्ता मिळत नाही. त्यामुळे अशा व्यक्तीचे उत्पन्न क्यूएमबीच्या मर्यादेपेक्षा थोडे जरी वर गेले तरी मदत जवळजवळ पूर्ण आटते.

मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेले मराठी आईवडील बहुधा याच गटात मोडतात. त्यांनी अमेरिकेत नोकरी केलेली नसते. सलग पाच वर्षे कायम रहिवासी म्हणून राहिल्यावर, वयाच्या ६५ नंतर, त्यांना मेडिकेअर विकत घेता येते. सेव्हिंग्ज प्रोग्राममध्ये मात्र आणखी एक अडथळा येतो. बोलावताना मुलाने आय-८६४ हे पालनाचे हमीपत्र दिलेले असते आणि मेडिकेडच्या नियमांनुसार त्याचे उत्पन्न आईवडिलांचे धरले जाऊ शकते. ही हमी आईवडील नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाह्या पुऱ्या होईपर्यंत टिकते. म्हणून व्यवहारात नागरिकत्व हाच मोकळा मार्ग ठरतो. भारतातले निवृत्तिवेतन, मुदत ठेवी, विकता येण्याजोगा पुण्याचा फ्लॅट किंवा गावची जमीन अर्जात दाखवावी लागते. ती परदेशात आहे म्हणून सूट नाही. भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसेही मेडिकेअर देत नाही, तरी पार्ट बीचा हप्ता चालूच राहतो.

औषधांसाठी एक्स्ट्रा हेल्प ही जोडमदत आहे. ती २००६ मध्ये औषधविम्यासोबत (पार्ट डी) सुरू झाली. क्यूएमबी, एसएलएमबी किंवा क्यूआय मिळाले की ती वेगळा अर्ज न करता लागू होते. २०२४ पासून दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत तिचा पूर्ण लाभ मिळतो. २०२५ मध्ये दर खरेदीला जेनेरिक औषधासाठी जास्तीत जास्त ४.९० आणि ब्रँडेड औषधासाठी १२.१५ डॉलर द्यावे लागत. तिचा अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करतात आणि अर्जदाराने नको म्हटले नाही तर त्यातली माहिती राज्याकडे जाऊन सेव्हिंग्ज प्रोग्रामचाही अर्ज समजला जातो. कचेऱ्यांच्या फेऱ्या नको असलेल्यांना हा सोपा दरवाजा आहे. राज्याने पुढे मागितलेली कागदपत्रे मात्र वेळेत द्यावी लागतात.

लाभ मिळाल्यानंतरचा नेहमीचा तंटा डॉक्टरच्या बिलाचा असतो. क्यूएमबीधारकाकडून मेडिकेअरने मान्य केलेल्या सेवेसाठी रुग्णाचा वाटा मागणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. रुग्णाने 'मी भरीन' असे लिहून दिले तरी तो वाटा मागता येत नाही. तरीही बिले येतात, आणि त्यामागे हिशेब आहे. समजा मंजूर दर १०० डॉलर आहे, मेडिकेअर ८० देते आणि राज्याच्या मेडिकेडचा दर ७५ आहे. अनेक राज्यांच्या नियमांनुसार राज्याला वर काहीच द्यावे लागत नाही. डॉक्टरला २० डॉलर सोडून द्यावे लागतात. काही दवाखाने हे नुकसान टाळण्यासाठी असे रुग्णच घेत नाहीत, काही नियम माहीत नसल्याने बिल पाठवतात. भेटीच्या वेळी मेडिकेअर आणि मेडिकेड ही दोन्ही कार्डे दाखवावीत. बिल आलेच तर भरू नये. मेडिकेअरच्या विवरणपत्रावरील क्यूएमबीची नोंद दवाखान्याला दाखवावी आणि न ऐकल्यास १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर तक्रार करावी. दात, चष्मा, श्रवणयंत्र यांसारखा जो खर्च मुळात मेडिकेअरमध्येच नाही, त्याला ही सूट लागू नाही.

लाभार्थीच्या मृत्यूनंतर मेडिकेड काही खर्च त्याच्या घरादारातून वसूल करते, या भीतीने पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. १ जानेवारी २०१० पासूनच्या सेव्हिंग्ज प्रोग्रामच्या लाभांना ही वसुली लागू नाही. पात्रतेची फेरतपासणी दरवर्षी होते. तिचे पत्र टपालाने येते, आणि थंडीचे महिने महाराष्ट्रात घालवणाऱ्यांचा लाभ अनेकदा त्या न उघडलेल्या पाकिटामुळेच खंडित होतो. अर्ज भरण्यासाठी प्रत्येक राज्यात शिप या नावाने ओळखली जाणारी मोफत सल्लासेवा आहे. ती विमा विकत नाही.