शिन-हांगा

शिन-हांगा म्हणजे ‘नवी ठसाचित्रे’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये, मुख्यतः टोकियोत, बहरलेली काष्ठठसा मुद्राचित्रणाची ही शैली. लाकडी ठशांची जुनी उकियो-ए पद्धत तिने सोडली नाही. त्याच ठशांतून पाऊस, बर्फ, धुके आणि दिवेलागणीचा उजेड मात्र नव्याने उमटवला.

मेजी काळात (१८६८–१९१२) छायाचित्रे आणि शिळाछाप आल्यावर ठसाचित्रांचा बाजार बसत गेला. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) यांनी चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांना पुन्हा एकत्र आणले. १९१५ मध्ये हाशिगुची गोयो, पुढच्या वर्षी इतो शिनसुई आणि १९१८ पासून कावासे हासुई हे चित्रकार त्यांच्यासाठी काम करू लागले.

खरी नवलाई छपाईत आहे. चेरीच्या लाकडावर रंगागणिक ठसे कोरतात. ओलसर हातकागद ठशावरच्या ‘केन्तो’ खाचांना टेकवून पसरायचा आणि पाठीमागून ‘बारेन’ने, म्हणजे बांबूच्या वेष्टनात गुंडाळलेल्या चपट्या गोल घासणीने, घासायचा. खाच जराशी चुकली तरी रंग रेषेबाहेर जातो. ठसा ओला करून ब्रशने रंग विरवत नेला की आकाश वरून खाली फिके होत जाते; ही ‘बोकाशी’. पूर्वी बारेनचे वळसे कागदावर दिसणे हा दोष मानत. वातानाबेंकडे ते मुद्दाम उमटवले जाऊ लागले, आणि सपाट रंगात जीव आला.

१ सप्टेंबर १९२३ च्या, टोकियो परिसराला हादरवणाऱ्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंचे ठसे जळाले, हासुईंच्या रेखाटनवह्याही गेल्या. दोघांनी पुन्हा सुरुवात केली.

त्याच काळातल्या ‘सोसाकु-हांगा’ (‘सर्जनशील ठसाचित्रे’) चळवळीवाल्यांचा आग्रह वेगळा होता : चित्र, कोरणे, छापणे सारे एकाच हातचे. त्यांना शिन-हांगा कारखानी वाटे. हा आक्षेप छापणाऱ्याच्या हाताला न्याय देत नाही. चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) यांनी मधली वाट काढली : कारागीर ठेवले, पण छपाईवर स्वतः उभे राहिले. समासातला ‘जिझुरी’ (‘स्वतः छापलेले’) शिक्का त्याचीच खूण. त्यांच्या १९२६ च्या शिडाच्या होड्या पाहाव्यात. ठसे तेच, केवळ रंग बदलून सकाळ, धुके, संध्याकाळ, रात्र. १९३०-३१ मध्ये ते भारतात हिंडले. धुक्यातल्या आणि रात्रीच्या ताजमहालासोबत अजिंठा व वेरूळही त्यांच्या ठशांत आले.