सर्किट बेंचमधला ‘बेंच’ आला कुठून?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. उच्च न्यायालयाचे पीठ कोल्हापुरात यावे म्हणून त्याआधी चार दशके चाललेल्या लढ्याची कहाणी इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. शब्दांची कहाणी मात्र सांगायला हवी, कारण या लढ्यात शब्दांनी बराच घोळ घातला. सुरुवातीच्या मोर्चांत ‘खंडपीठ झालेच पाहिजे’ होते, पुढे ‘निदान सर्किट बेंच तरी द्या’ आले. दोन्ही मागण्या एकच, असे समजणारे पक्षकार आजही भेटतात.

घोळाचे मूळ ‘खंडपीठ’ या शब्दात आहे. मराठी वृत्तपत्रे हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. दोन न्यायमूर्तींनी एकत्र बसून प्रकरण ऐकले की ते खंडपीठ. इंग्रजीतल्या ‘डिव्हिजन बेंच’चे हे सरळ भाषांतर. एकटे न्यायमूर्ती असतील तर एकलपीठ, तिघे किंवा अधिक असतील तर पूर्णपीठ, सर्वोच्च न्यायालयात पाच किंवा अधिक न्यायमूर्ती घटनेचा प्रश्न ऐकत असतील तर घटनापीठ. ही सगळी विभागणी न्यायमूर्तींच्या संख्येवर आहे. पण नागपूर खंडपीठ, औरंगाबाद खंडपीठ, पणजी खंडपीठ म्हणताना आपण संख्या मोजत नाही. तिथे खंडपीठ म्हणजे मुख्य ठिकाणापासून दूर, दुसऱ्या शहरात कायमचे बसणारे उच्च न्यायालय. इंग्रजीत त्याला ‘परमनंट बेंच’ म्हणतात. ‘कायम पीठ’ किंवा ‘स्थायी पीठ’ हे शब्द मराठीत सहज रुळले असते, पण ते रुळवायचा प्रयत्नच झाला नाही.

परिणाम असा की कोल्हापुरात कामकाज सुरू झाले ते एक खंडपीठ आणि दोन एकलपीठे घेऊन. म्हणजे ‘कोल्हापूर सर्किट बेंचच्या खंडपीठाने निकाल दिला’ हे वाक्य पूर्ण बरोबर आहे, आणि ‘कोल्हापूरला अजून खंडपीठ मिळालेले नाही’ हेही तितकेच बरोबर आहे. बातमी वाचणाऱ्या माणसाने यातून काय समजून घ्यायचे? वकिलांना फरक ठाऊक असतो. ज्याच्या जमिनीचा दावा पंचवीस वर्षे लोंबकळतो आहे, त्याला तो कुणीतरी नीट सांगायला हवा होता, आणि इतक्या सभांमधून तो पुरेसा सांगितला गेला नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

कायम पीठ आणि सर्किट बेंच यांच्यातला कायद्यातला फरक १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये आहे. पोटकलम २ नुसार राष्ट्रपती आदेश काढून कायम पीठ स्थापन करू शकतात. पोटकलम ३ नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य एखादे ठिकाण ठरवू शकतात आणि न्यायमूर्ती तिथेही बसू शकतात. कोल्हापूरची १ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना या तिसऱ्या पोटकलमाखालची. मजकूर बारकाईने वाचला तर ‘सर्किट बेंच’ ही जोडी त्या कलमात कुठेच सापडत नाही. दुसऱ्या पोटकलमात ‘परमनंट बेंच’ आहे, तिसऱ्यात नुसते ‘बसू शकतील’ एवढेच. ज्या नावासाठी इतकी वर्षे घोषणा दिल्या, ते नाव कायद्याने दिलेले नसून वहिवाटीने पडलेले आहे.

म्हणून ‘नुसतेच सर्किट बेंच’ असे म्हणून कोल्हापूरचे बेंच हलके लेखण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. मराठवाड्याचे उदाहरण समोर आहे. तिथले औरंगाबादचे पीठ २७ ऑगस्ट १९८१ ला याच तिसऱ्या पोटकलमाखाली सुरू झाले. त्याला आव्हान दिले गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने तेच पीठ कायम झाले. न्यायमूर्ती आधी येऊन बसले, कायमपण मागून आले. कोल्हापूरच्या मागणीचा पुढचा सगळा युक्तिवाद या तीन वर्षांवर उभा आहे. शिवाय कोल्हापूरला उच्च न्यायालयाची ओळख नवी नाही. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर इथे संस्थानचे स्वतःचे हायकोर्ट होते. पुढच्या काळात चंदगडच्या माणसाच्या नशिबी आले ते आदल्या दिवशीची एसटी, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, आणि दुपारी वकिलाकडून ‘मॅटर बोर्डावर आलंच नाही, पुढची तारीख घेऊ’ हे ऐकून परतीची गाडी.

‘बेंच’ या शब्दाचा इंग्लंडमधला इतिहास नेमका याच गैरसोयीशी जोडलेला आहे. शब्द मूळचा जर्मानिक कुळातला. जुन्या इंग्रजीत तो ‘बेंक’ असा होता आणि अर्थ होता लांबट लाकडी आसन. तेराव्या शतकापर्यंत न्यायाधीश ज्या आसनावर बसत त्यावरून न्यायालयालाच बेंच म्हणू लागले. त्या काळी राजाचा दरबार गावोगाव हिंडे आणि न्याय मागणारेही त्याच्या मागे हिंडत. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या सतराव्या कलमात अट घातली गेली की रयतेचे आपापसातले दावे दरबाराच्या मागे फिरणार नाहीत, ते एका ठरलेल्या ठिकाणी चालतील. त्या ठरलेल्या ठिकाणच्या न्यायालयाला ‘कॉमन बेंच’ असे नाव पडले. राजाबरोबर फिरणारे ते ‘किंग्ज बेंच’. ‘सर्किट’ म्हणजे फेरी, आणि ती पद्धत त्याहून थोडी जुनी. ११७६ साली इंग्लंडचे सहा भाग पाडून राजाचे न्यायाधीश प्रत्येक भागात फेरी मारू लागले. ही फेऱ्यांची पद्धत १९७१ च्या कायद्याने मोडीत निघेपर्यंत चालली. पक्षकाराने कोर्टाकडे जायचे की कोर्टाने पक्षकाराकडे यायचे, हा प्रश्न खंडपीठासाठी लढणाऱ्या कृती समितीच्या मांडवात पहिल्यांदा निघालेला नव्हता.

या शब्दाचे नातलग आपल्या घरात कधीच येऊन बसले आहेत. शाळेतला ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, इंग्रजांच्या बेंचच्या आधी. कोकणीत तो अजून ‘बांक’ आहे. जर्मानिक भाषांतून हाच शब्द इटलीत गेला, तिथे तो सराफाचे मेज झाला, आणि पैशाच्या व्यवहाराचे नाव होऊन ‘बँक’ या रूपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. नदीचा काठ या अर्थाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियाच्या बाजूने आला. त्यात उंचवट्याचा अर्थ टिकून राहिला. म्हणजे पंचगंगेचा काठ, लक्ष्मीपुरीतली बँक, शाळेतला बाक आणि सीपीआरसमोरचे बेंच या चौघांचे इंग्रजी-पोर्तुगीज गोत्र एकच.

मराठीने आपल्या बाजूने हेच केले, कुणाकडून न शिकता. ‘पीठ’ म्हणजे बसायची जागा. त्यावरून न्यायाचे ‘न्यायपीठ’ झाले. ‘पीठिका’ या त्याच कुळातल्या शब्दावरून सावकाराची ‘पेढी’ झाली. शाहूपुरीतल्या जुन्या गूळ अडत्याची पेढी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही: पांढरी गादी, मागे लोड, पुढ्यात उतरते लाकडी डेस्क, त्यावर लाल चोपडी, आणि बाहेर गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, सौदा चालू. तिथे बसणाऱ्याची जागा हीच त्याची पत होती. करवीर तर साडेतीन पीठांतले एक. बसायची जागा पवित्र होणे, तिला अधिकार येणे, हे या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ग्रीक भाषेत आजही बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात, त्याचा साधा अर्थ टेबल. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी बसण्या-मांडण्याच्या वस्तूवरून व्यवहाराला नाव द्यावे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

इंग्रजीत बेंचचे पुढे आणखी फाटे फुटले. सुताराचे कामाचे मेजही बेंच. ‘बेंचमार्क’ हा मोजणीवाल्यांचा शब्द: दगडात आडवी खाच कोरायची, त्या खाचेत लोखंडी कोन अडकवायचा आणि त्यावर मोजपट्टी उभी करायची. तो कोन म्हणजे बेंच, आणि खाच म्हणजे त्याची खूण. कंपन्यांच्या जाहिरातींतला बेंचमार्क त्याच खाचेतून निघाला. विधिमंडळात ‘सत्ताधारी बाके’ आणि ‘विरोधी बाके’ असतात, स्वागत बाके वाजवून होते. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने चालू असताना राखीव खेळाडू बेंचवर असतो, आणि पुण्याच्या आयटी कंपनीत काम नसलेला इंजिनियरही बेंचवरच असतो. हे दोन अर्थ तेवढे न्यायालयाच्या बेंचच्या उलटे आहेत. न्यायमूर्ती बेंचवर बसले की काम सुरू होते, खेळाडू बेंचवर बसला की त्याचे काम थांबते.

राहिला प्रश्न मराठी नावाचा. ‘सर्किट बेंच’ला ‘फिरते खंडपीठ’ म्हणणारे काही मथळे येऊन गेले. त्यात दोन चुका आहेत. हे बेंच सहा जिल्ह्यांत फिरत नाही, ते कोल्हापुरातच बसते. आणि खंडपीठ हा तर त्याच्या पोटातला एक भाग आहे. ‘सर्किट’ हा शब्दच इथे आता नावापुरता उरला आहे, त्यातली फेरी संपलेली आहे. त्यामुळे भाषांतराचा हट्ट न धरता ‘सर्किट बेंच’ तसेच ठेवावे, दोन न्यायमूर्तींच्या पीठाला ‘खंडपीठ’ म्हणावे, आणि जे अजून मिळायचे आहे त्याला ‘कायम पीठ’ म्हणावे. निवेदनांत, फलकांवर आणि बातम्यांत हे तीन शब्द वेगळे राहिले, तर पोटकलम २ खालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाची मागणी करताना नेमके काय मागतो आहोत हे सहाही जिल्ह्यांतल्या पक्षकारांना कळेल.